कोंबडीच्या नावाचं गाव

नकाशासंग्रह उघडा आणि इंग्लंडचं पान काढा. लंडन शोधायला वेळ लागणार नाही. आता लंडनच्या खालच्या बाजूला बोट सरकवत न्या. नकाशा मोठा असेल तर बारीक अक्षरांत दोन नावं सापडतील. दक्षिणेला डॉर्किंग आणि आग्नेयेला, अगदी लंडनला चिकटून, ऑर्पिंग्टन. ही नावं वाचून इंग्लंडमधल्या एखाद्या शाळकरी मुलाच्या डोळ्यांपुढे आधी गाव येईल की कोंबडी, हे काही सांगता यायचं नाही. कारण ही जशी दोन गावं आहेत, तशाच या कोंबड्यांच्या दोन जातीही आहेत. आपल्याकडे नाही का, पंढरपुरी म्हैस आणि उस्मानाबादी शेळी? तसंच.

पण कोंबड्यांच्या बाबतीत नावावर फार विसंबू नये. तुम्ही म्हणाल, का बरं? तर ही गंमत ऐका. जगातल्या मोठ्या, जाडजूड आणि गरीब स्वभावाच्या कोंबड्यांची यादी केली, तर तिच्यात दोन नावं आपल्या ओळखीची निघतात : 'कोचीन' आणि 'ब्रह्मा'. वाचल्याबरोबर छाती फुगते. एक केरळची आणि दुसरी ब्रह्मपुत्रेकाठची असणार! प्रत्यक्षात दोघींचं मूळ चीनमधल्या शांघाय बंदरात आहे. 1842 साली इंग्लंड-चीन लढाई संपली, तहात शांघाय बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि तिथून पायांवर पिसं असलेल्या प्रचंड कोंबड्या जहाजांतून बाहेर पडल्या. त्या काळी व्हिएतनामच्या दक्षिण भागाला युरोपातले लोक 'कोचीन-चायना' म्हणत. ते नाव या कोंबड्यांना चिकटलं, पुढे त्यातलं 'चायना' गळलं आणि उरली ती कोचीन. आपल्या कोचीचा संबंध एवढाच, की त्या दूरच्या कोचीनची आपल्या कोचीशी गल्लत होऊ नये म्हणून पोर्तुगीजांनी तिच्यापुढे 'चायना' जोडलं होतं.

ब्रह्माची गोष्ट तर आणखी मजेदार आहे. ही कोंबडी घडली अमेरिकेत. शांघायहून आलेल्या कोंबड्यांत चितगावकडच्या उंच कोंबड्यांचं रक्त मिसळलं आणि ती तयार झाली, असं जाणकार मानतात. चितगाव म्हणजे आजच्या बांगलादेशातलं. बर्नहॅम नावाच्या एका अमेरिकन व्यापाऱ्याने 1852 साली अशा नऊ कोंबड्या थेट व्हिक्टोरिया राणीला नजर केल्या. राणीला कोंबड्यांचा शौक होताच. मग काय विचारता! दोन्ही देशांत या कोंबड्यांचे भाव असे चढले, की पुढे याच बर्नहॅमने त्या वेडावर 'कोंबडीज्वराचा इतिहास' अशा अर्थाच्या नावाचं एक विनोदी पुस्तकच लिहिलं. 'ब्रह्मपुत्रा' हे भारदस्त नाव त्याच धामधुमीत पुढे आलं आणि त्याचं आखूड रूप 'ब्रह्मा' कायम झालं. नाव दूरदेशीचं असलं की मालाचा भाव वाढतो, हे लोकांना तेव्हाही ठाऊक होतं!

आता ज्यांच्या नावात खोट नाही अशा गावांकडे निघू.

लंडनहून आगगाडीने डॉर्किंगला जायला तासाभराच्या आत-बाहेर वेळ लागतो. टेकड्यांच्या कुशीतलं टुमदार गाव. गावालगतच्या एका चौकात गोल बगिच्यासारख्या बेटावर दहा फूट उंचीचा पोलादी कोंबडा उभा आहे. 2007 साली तो तिथे बसवला गेला. गावकऱ्यांचा हा फार लाडका. सणावाराला रात्रीतून कुणीतरी येऊन त्याच्या गळ्यात लोकरीचा मफलर बांधतं, डोक्यावर टोपी चढवतं आणि सकाळी कामाला निघालेली माणसं गाडीतून हसत हसत पुढे जातात.

या कोंबड्याच्या पायांकडे नीट बघायचं. साध्या कोंबडीला चार बोटं असतात, डॉर्किंगला पाच! पाच बोटांच्या कोंबड्या सर्वांत चांगल्या, असं कोलुमेला नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच शेतीवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. त्याच्याही आधीचा रोमन म्हणजे ज्युलिअस सीझर. ख्रिस्तपूर्व 55 आणि 54 अशी लागोपाठ दोन वर्षं तो ब्रिटनवर चालून गेला. तिथल्या लोकांबद्दल त्याने एक नवलाची नोंद केली : हे लोक ससा, कोंबडी आणि हंस खाणं निषिद्ध मानतात, पण मौजेसाठी ते पाळतात. तेव्हा घरच्या अंगणात केवळ हौसेनं कोंबड्या बाळगणं हे खूळ काही आजचं नाही. बुटक्या पायांची, रुंद छातीची, सावकाश चालणारी डॉर्किंग आज मात्र फारशी दिसत नाही.

ऑर्पिंग्टनला जायला लंडनच्या मधोमध असलेल्या चेरिंग क्रॉस स्टेशनवर गाडीत बसायचं. अंतर जेमतेम बावीस किलोमीटर. पूर्वी हे केंट परगण्यातलं खेडं होतं. 1965 पासून ते लंडन महानगरात मोडतं. आपल्या ठाण्या-डोंबिवलीसारखीच सकाळी इथली माणसं लंडनकडे धावतात. कौलारू घरं, प्रत्येक घरामागे लांबट परसबाग, गावात 'प्रायरी गार्डन्स' नावाची बाग आणि त्या बागेतल्या तळ्यांतून निघणारी क्रे नावाची चिमुकली नदी. कोंबडीचं गाव म्हणून आलात तर आधी थोडी निराशाच होईल. कोंबड्यांपेक्षा मोटारीच जास्त!

पण सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जा. विल्यम कुक नावाचा एक गृहस्थ या भागात राहत होता. धंदा घोडागाडी हाकण्याचा, पण डोक्यात कोंबड्या. लहान कुटुंबाला परवडेल अशी एकच कोंबडी त्याला हवी होती : अंगाने भरलेली, स्वभावाने शांत आणि थंडीच्या दिवसांतही अंडी देणारी. ही शेवटची अट महत्त्वाची. कोंबडीचं अंडी देणं उजेडावर अवलंबून असतं. दिवस चौदा-सोळा तासांचा असेल तर ती जोरात अंडी देते. इंग्लंडात डिसेंबरमधला दिवस आठ तासांचाही नसतो, त्यामुळे हिवाळ्यात अंडी दुर्मिळ. कुकने भरपूर अंडी देणारी मिनॉर्का, भरल्या अंगाची प्लिमथ रॉक आणि चीनमधली थंडीतही अंडी देणारी लांगशान अशा तीन जातींचा मेळ घातला आणि 1886 साली काळी ऑर्पिंग्टन लोकांपुढे आणली. रंग काळा का? तर लंडनच्या धुरात पांढरी कोंबडी मळकट दिसते, काळीवर काजळी दिसत नाही, असं सांगतात. 1894 साली त्याने पिवळसर सोनेरी रंगाची ऑर्पिंग्टन काढली. आज ऑर्पिंग्टन म्हटलं की हीच डोळ्यांपुढे येते.

आणि इथेच या गोष्टीला फाटा फुटला. 1891 साली लंडनच्या एका प्रदर्शनात पार्टिंग्टन नावाच्या दुसऱ्या एका माणसाने आपल्या काळ्या ऑर्पिंग्टन मांडल्या. त्याने लांगशान आणि कोचीन यांचा संकर केला होता. पिसांचा असा काही डोलारा, की कोंबडी कसली, काळ्या कापसाची उशीच! बक्षिसं तिला मिळू लागली. मग प्रदर्शनवाल्यांनी सगळं लक्ष पिसांकडे आणि आकाराकडे दिलं. अंड्यांकडे कोण बघतो? इंग्लंडातली ऑर्पिंग्टन फुगत गेली आणि अंडी कमी होत गेली. त्याच सुमारास कुकच्या जुन्या, काटक वळणाच्या काही काळ्या ऑर्पिंग्टन जहाजाने ऑस्ट्रेलियाला पोचल्या होत्या. तिथल्या लोकांनी उलट केलं. पिसांचा नाद सोडला आणि जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्याच पुढच्या पिढीसाठी निवडल्या. 1922-23 च्या एका स्पर्धेत अशा सहा कोंबड्यांनी 365 दिवसांत 1857 अंडी दिली. भागाकार तुम्हीच करा. या ऑस्ट्रेलियन शाखेचं नाव पडलं ऑस्ट्रालॉर्प. पणजी एक, पण एका घरी तिच्या पणत्यांचं रूप पाहिलं गेलं आणि दुसऱ्या घरी काम!

'मोठी आणि गरीब कोंबडी' निसर्गात कुठेही सापडत नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. रानातली तांबडी कोंबडी किलोभराचीसुद्धा नसते आणि चाहूल लागताच भुर्रकन उडते. तिची पाच किलोंची संथ ब्रह्मा झाली, ती माणसांनी पिढ्यान्पिढ्या निवड केल्यामुळे. निवड करून प्राण्यांचं रूप किती पालटता येतं, हे ज्याने फार बारकाईने पाहिलं, तो माणूस ऑर्पिंग्टनच्या शेजारीच राहत होता. इथून लहान बस गल्लीबोळांसारख्या अरुंद रस्त्यांनी डाउन नावाच्या खेड्यात जाते. तिथल्या 'डाउन हाउस'मध्ये चार्ल्स डार्विन 1842 पासून 1882 साली मृत्यू येईपर्यंत राहिला. आज घर पाहायला खुलं आहे.

डार्विनने इथे कबुतरं पाळली, तशाच कोंबड्याही. एकदा त्याने काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढऱ्या रेशमी पिसांची कोंबडी यांची पिल्लं वाढवली. एका काळ्या आणि एका पांढऱ्या पक्ष्याची पिल्लं कशी व्हावीत? काळी, पांढरी, फार तर करडी. पण त्यांतला एक कोंबडा मोठा झाला तो तांबूस-केशरी, थेट रानकोंबड्यासारखा! हरवलेला पूर्वज नातवंडाच्या अंगावर उमटला होता. जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या, असं डार्विनने 1868 सालच्या ग्रंथात मांडलं. ते बव्हंशी बरोबरच ठरलं. थायलंडमधल्या उत्खननात सापडलेली हाडं ही पाळीव कोंबडीची आजवरची सर्वांत जुनी खात्रीलायक खूण आहे, असं 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हटलं आहे. भाताच्या शेतांतले दाणे टिपायला रानकोंबड्या आल्या आणि हळूहळू माणसाच्या होऊन राहिल्या, असा त्या संशोधकांचा तर्क आहे.

पण डार्विनच्या हातून एक दुवा सुटला होता आणि तो आपल्या घराजवळचा आहे. काही कोंबड्यांचे पाय पांढरे असतात, काहींचे पिवळे. हा पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो आला राखी रानकोंबड्याकडून, हे 2008 साली जनुकांच्या तपासणीतून कळलं. आणि राखी रानकोंबडा राहतो कुठे? फक्त भारतात! आपल्या सह्याद्रीत. कोयनेच्या किंवा आंबोलीच्या जंगलात पहाटे जो तुटक तुटक आरवतो, तोच हा. म्हणजे कोचीन आणि ब्रह्मा ही नावं जरी उसनी असली, तरी त्यांच्या पिवळ्या पायांत थोडासा भारत खरोखरच आहे. डाउन हाउसच्या हिरवळीवर मला हे आठवलं आणि उगीचच बरं वाटलं.

ऑर्पिंग्टनपासून जवळच माझी मावसबहीण राहते. तिच्या परसात तीन कोंबड्या आहेत. एक सोनेरी ऑर्पिंग्टन, तिचं नाव हळदी. दुसरी काळी, ती काजळी. आणि तिसरी पांढऱ्या अंगाची, मानेवर काळ्या रेघा असलेली ब्रह्मा. तिला सगळे 'थोरली' म्हणतात. त्यांची सगळी व्यवस्था माझी भाची पाहते. ती सातवीत आहे. घरात पाऊल टाकल्याबरोबर तिने मला सांगितलं, "मामा, थोरलीला उचलायचं असेल तर पंखाला धरायचं नाही हं. पायांना तर नाहीच." मग स्वतः करून दाखवलं. एक तळवा छातीखाली सरकवायचा, पाय बोटांमध्ये सैलसर धरायचे, दुसरा हात पंखांवर ठेवायचा आणि कोंबडी आपल्या अंगाशी घ्यायची. मी घेतली. सवाचार किलो वजन! पण हाताला लागतं ते निम्मं पीसच. थोरलीने डोळे अर्धे मिटले आणि ती माझ्या कोपरात रेलून बसली. अशी कोंबडी मी जन्मात पाहिली नव्हती. आमच्या आजोळची गावठी कोंबडी धरायची म्हणजे निम्म्या वाडीने मागे धावायचं!

पण हा गरीबपणा आयता मिळत नाही, बरं का. तिन्ही कोंबड्या लहान असल्यापासून भाची रोज त्यांच्याजवळ जमिनीवर बसत आली आहे, तळहातावरून दाणे देत आली आहे. आणि अंगाने मोठी म्हणजे स्वभावाने गरीब, असंही नसतं. आपल्याकडची असील पाहा. उंच, दणकट, पण हाडाची लढवय्यी. दोन असील कोंबडे समोरासमोर आले की रक्त निघायचंच. तेव्हा जातीचा स्वभाव विचारल्याशिवाय नुसता आकार पाहून कोंबडी आणू नये.

गरीब कोंबडीचं दुःखही असतं. कोंबड्यांमध्ये टोचाटोचीची एक उतरंड असते. पहिली सगळ्यांना टोचणार, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची बिचारी सगळ्यांकडून टोचून घेणार. हे शास्त्रशुद्धपणे पहिल्यांदा मांडलं ते शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन माणसाने, 1921 च्या सुमारास. गंमत म्हणजे त्याने ही निरीक्षणं लहान मुलगा असतानाच सुरू केली होती. कोण कोणाला टोचतं हे तो वहीत टिपून ठेवी! माझ्या बहिणीने पूर्वी एक चपळ तांबडी कोंबडी आणली होती. ती आकाराने थोरलीच्या निम्मी, पण तिने थोरलीला दाण्याजवळ फिरकू दिलं नाही. थोरली उलटून टोचायचीच नाही. तिच्या डोक्यावरची पिसं गेली, वजन उतरलं. शेवटी तांबडीला दुसरं घर शोधावं लागलं. म्हणून गरीब कोंबड्यांच्या सोबतीला गरीबच हव्यात आणि निदान तीन तरी हव्यात. एकटी कोंबडी झुरते.

आता खुराड्याकडे या. पहिल्यांदा माझ्या नजरेत भरली ती बसायची दांडी. इतकी खाली, की मांजरही हसेल. कोंबडीला रात्री उंचावर बसायला आवडतं हे खरं, पण चार किलोंची कोंबडी सकाळी उंचावरून धपकन उडी मारते तेव्हा सगळा भार तळपायावर येतो. तळव्याला बारीकशी जखम होते, तिच्यात पू धरतो आणि पाय सुजून कोंबडी लंगडते. काजळीला हे झालं होतं. डॉक्टरांनी पाय साफ करून पट्टी बांधली, औषध दिलं आणि दांडी खाली आणायला सांगितलं. आता ती जमिनीपासून फूटभरच आहे, चांगली तीन बोटं रुंद आणि कडा घासून गोल केलेली. खुराड्याचं दारही नेहमीपेक्षा रुंद आहे. थोरलीच्या पायांवरची पिसं पावसात चिखलाने भरतात, वाळून त्यांचे गोळे होतात. मग भाची कोमट पाण्याच्या टोपल्यात तिला उभी करते आणि बोटांनी चिखल सोडवते. तोवर थोरली टोपल्याच्या कडेला चोच टेकून डुलक्या घेते!

खाणं म्हणजे बाजारात मिळणारं अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, रोजचं सव्वाशे ते दीडशे ग्रॅम. शिवाय शिंपल्यांचा चुरा, अंड्याच्या कवचासाठी. बागेतली कोबीची पानं सरळ घातली तर चालतात. पण पानातली उरलेली पोळी, भात? मी सवयीनं मूठभर भात घेऊन निघालो, तर भाची दारात आडवी! मांस-मासे-दूध शिजतं त्या स्वयंपाकघरातलं काहीही कोंबड्यांना घालायला तिथे कायद्याने बंदी आहे. रोग पसरू नयेत म्हणून. 1 ऑक्टोबर 2024 पासून तर इंग्लंडमध्ये एकच कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. बर्ड फ्लूची साथ आली की कोणाला कळवायचं, ते त्यामुळे ठाऊक राहतं. साथीच्या दिवसांत कोंबड्यांना जाळीआड ठेवायचा हुकूमही निघतो.

आणखी एक शत्रू म्हणजे कोल्हा. लंडनच्या वस्त्यांमध्ये कोल्हे मजेत हिंडतात. त्यामुळे अंधार पडला की खुराडं बंद झालंच पाहिजे. उन्हाळ्यात तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो. कोंबड्या आत जायला तयार नसतात आणि भाचीचे डोळे मिटत असतात. डिसेंबरात शाळेतून येईपर्यंत अंधारून येतं. सुट्टीत गावाला जायचं तर शेजाऱ्यांना किल्ली आणि कागदभर सूचना. हे वर्ष-दोन वर्षं नाही. अशा कोंबड्या सहा-आठ वर्षंसुद्धा जगतात आणि अंडी मात्र दर वर्षी कमी होत जातात. थोरली आता आठवड्याला एखादं देते. तरी खाद्य तेवढंच लागतं.

तुम्ही म्हणाल, आपणही एक ब्रह्मा आणू या की! आपल्याकडे हौशी लोक त्या पाळतातही. पण एक आकडा ध्यानात ठेवा. कोंबडीच्या अंगाचं तापमानच सुमारे 41 अंश असतं. तिला घाम येत नाही. उकडलं की ती तुऱ्यातून आणि गळ्याखालच्या लाल कातडीतून उष्णता बाहेर टाकते, चोच उघडी ठेवून धापा टाकते. ब्रह्माचा तुरा बारकासा आणि अंगावर जाड पिसांची रजई. 19 जुलै 2022 रोजी इंग्लंडात इतिहासात पहिल्यांदा पारा 40 अंशांच्या वर गेला. थोरली तेव्हा जेमतेम वर्षाची होती. बहिणीने आणि भाचीने दिवसभर सावलीत ओलं गोणपाट टांगलं, पाण्याच्या बाटल्या गोठवून तिच्याजवळ ठेवल्या, परातीत पाणी घालून तिचे पाय त्यात बुडवले. तिथे तो एखाद-दुसरा दिवस होता. आपल्या चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात पारा 45 च्या पलीकडे जातो, म्हणजे हवा कोंबडीच्या अंगापेक्षाही तापलेली! तिथे गोरगरीब ब्रह्माला आणणं मला तरी बरं वाटत नाही. महाबळेश्वरसारख्या थंड जागी सावली, पाणी आणि कोरडी जमीन असेल तर गोष्ट वेगळी. एरवी आपली गावठी कोंबडी पिल्लू असल्यापासून हातावर दाणे टिपायला शिकवा. तीही माणसाळते. फक्त तिच्या खुराड्याला वरूनही जाळी हवी, कारण तिला उडता येतं!

मी तिथे होतो तेव्हा हळदी खुडूक झाली होती. ऑर्पिंग्टनची ही सवयच. घरट्यात पिसं फुलवून बसली ती उठेना. खाली अंडं नाही, काही नाही. हात लावला की गुरगुरायची. घरात कोंबडा नसल्यामुळे त्यांची अंडी फलित नसतात. त्यांतून पिल्लू निघायचं नाही. भाचीच्या मनात होतं, की बाहेरून सहा फलित अंडी आणून हळदीखाली ठेवावीत. एकवीस दिवसांत पिल्लं! तिने त्यांची नावंही ठरवली होती.

बहिणीने एवढंच विचारलं, "सहा निघाली तर तीन कोंबडे असतील. त्यांचं काय करणार?"

हा प्रश्न कोंबडी पाळणाऱ्या प्रत्येक घरात कधी ना कधी येतोच. दाटीवाटीच्या वस्तीत पहाटे चारला आरवणारा कोंबडा शेजारी किती दिवस सहन करतील? तीन कोंबडे मोठे झाले की आपसांत लढणार. खेड्यात लोक ते कापून खातात, त्यात लपवाछपवी नसते. भाचीला ते नको होतं. मग तिने स्वतः तीन-चार ठिकाणी फोन केले. एका शेतावरच्या बाई म्हणाल्या, "बाळ, आमच्याकडेच जास्तीचे कोंबडे आहेत. तू घेतेस का एखादा?" बाकीच्यांनीही नाहीच म्हटलं. दोन दिवस भाची गप्प गप्प होती. जेवताना तिने आईला विचारलं, "कोंबडा आहे की कोंबडी, हे अंड्यावरून नाहीच का कळत?" आई म्हणाली, "आपल्याला नाही कळत."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने तळाला जाळी असलेला पिंजरा माळ्यावरून काढून आणला. तो चार विटांवर ठेवला, आत दाणापाणी ठेवलं आणि हळदीला उचलून त्यात बसवलं. खुडूक मोडायची ही रीत. खालून गार हवा लागत राहिली की पोटाखालची ऊब जाते आणि तीन-चार दिवसांत कोंबडी अंड्यांचा नाद सोडते. हळदीने पहिल्या दिवशी फार आरडाओरडा केला. भाची शाळेतून आल्यावर पिंजऱ्याशेजारी बसून अभ्यास करायची.

चौथ्या दिवशी पिंजऱ्याचं दार उघडलं. हळदी घरट्याकडे वळली नाही. सरळ कुंपणाजवळच्या कोरड्या मातीत गेली, पाय पसरले आणि धूळ उडवत मनसोक्त लोळली. काजळी आणि थोरलीही तिच्या बाजूला जाऊन पसरल्या.

स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलेल्या कॅलेंडरवर त्या तारखेपुढे भाचीने मराठीत लिहिलं होतं, 'हळदी उठली.' आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलच्या पानावर, बारीक अक्षरांत, 'आधी कोंबड्यांसाठी घर. मग अंडी.'